उन्हाळ्याच्या देशांतील बर्फाचा खेळ

हॉकी हा शब्द कानीं पडतांच भारतीय श्रोत्याच्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान, पांढरा चेंडू आणि ध्यानचंद यांचें चित्र उभें राहतें. कॅनडांतील माणसाला मात्र तोच शब्द अगदीं निराळ्या जगांत नेतो. त्याच्या हॉकींत चेंडू नसतो, रबराची चपटी काळी चकती असते. पायांत पोलादी पात्यांचे बूट असतात, आणि पायांखालीं गोठलेलें पाणी असतें. ३ मार्च १८७५ रोजीं माँट्रियल शहरांतील व्हिक्टोरिया रिंकवर या खेळाचा छपराखालील पहिला जाहीर सामना झाला. त्या रिंकला कोणत्याहि यंत्राची गरज नव्हती. फरशीवर पाणी पसरावें, बाहेरच्या हिवाळ्याला आंत येऊं द्यावें, कीं बर्फ तयार. ज्या देशांत वर्षांतून चार-पांच महिने नद्या आणि तळीं दगडासारखीं होतात, त्या देशानें असा खेळ काढावा यांत नवल तें काय?

नवल आहे तें पुढेंच. जेथें तळें कधींच गोठत नाहीं, आणि लहान मुलाला बर्फाची ओळख होते ती पेल्यांतल्या सरबतांत, अशा मुलखांतहि हा खेळ पोंचला. आणि तो कांहीं कॅनडाच्या मागोमाग पाऊण शतकानें नव्हे, तर अवघ्या तीस-एकतीस वर्षांत. ही हकीकत ऑस्ट्रेलियाची आहे. ती नीट समजण्यासाठीं आधीं बर्फाचीच हकीकत पाहिली पाहिजे. कारण कॅनडांत बर्फ होता म्हणून खेळ आला, ऑस्ट्रेलियांत मात्र आधीं कारखाना आला, मग बर्फ, आणि सर्वांच्या शेवटीं खेळ.

एके काळीं उष्ण देशांतला बर्फ जहाजांतून येई. बॉस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर यानें आपल्या मुलखांतील तळ्यांवरचा बर्फ कापून १८३३ सालीं कलकत्त्यास पाठविला. जहाज चार महिने समुद्रावर होतें, तरी सुमारें शंभर टन बर्फ शाबूत उतरला. पुढें मुंबईसहि हा अमेरिकन बर्फ येऊं लागला आणि तो सांठविण्यास बर्फघर बांधण्यांत आलें. ऑस्ट्रेलियांत सोनें सांपडून लोकांच्या हातीं पैसा खेळूं लागल्यावर तेथेंहि बॉस्टनच्या बर्फाला गिऱ्हाईक मिळालें. परंतु असल्या बर्फानें पेय थंड होतें, ताप उतरतो. त्यावर खेळतां येत नाहीं. खेळाला लागतो तो एकसंध, आरशासारखा सपाट आणि रोज रोज दुरुस्त करतां येणारा बर्फ. तो तुकड्यांनीं विकत घेतां येत नाहीं, जागच्या जागींच तयार करावा लागतो.

तो तयार करण्याची विद्या ज्या थोड्या लोकांनीं घडविली, त्यांपैकीं एक ऑस्ट्रेलियांतच राहत होता, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाहीं. जेम्स हॅरिसन हा जन्मानें स्कॉटिश, धंद्यानें वृत्तपत्रकार. मेलबर्नजवळच्या जीलाँग गांवीं तो एका पत्राचा संपादक होता. छापखान्यांतील खिळे ईथरनें पुसतांना ते कमालीचे थंड होतात हें त्याच्या लक्षांत आलें, असें सांगतात. कारण कांहीहि असो, १८५०-६० या दशकांत त्यानें ईथरची वाफ दाबून पुन्हां द्रव करणारें आणि त्या फेऱ्यांत पाणी गोठविणारें यंत्र उभें केलें. त्याचा डोळा पुढें मांसावर गेला. ऑस्ट्रेलियांत मेंढ्या उदंड, आणि त्या खाणारीं तोंडें इंग्लंडांत. १८७३ सालीं त्यानें ‘नॉरफोक’ जहाजांतून मांस लंडनला धाडलें. वाटेंत तें नासलें आणि हॅरिसनचें दिवाळें निघालें. ज्या कामीं तो बुडाला, तें पुढें सात वर्षांच्या आंत दुसऱ्यांनीं साधलें: १८८० च्या फेब्रुवारींत ‘स्ट्रॅथलेव्हन’ हें जहाज ऑस्ट्रेलियाचें गोठविलेलें मांस घेऊन लंडनला सुखरूप पोंचलें.

याच मांसाच्या खटपटींतून बर्फाचें क्रीडांगणहि निघालें. लंडनमध्यें जॉन गॅमगी नांवाचा पशुवैद्य होता. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथून मांस आणतां यावें म्हणून तो गोठवण्याचे प्रयोग करी, आणि त्यांतच त्याला नळ्यांच्या जाळ्यावर बर्फाची लादी धरण्याची युक्ति सांपडली. ७ जानेवारी १८७६ रोजीं चेल्सी भागांत त्यानें एका तंबूंत आपलें ‘ग्लेशियारियम’ उघडलें. खालीं काँक्रीट, त्यावर माती, मग गाईचे केस, मग लांकडी फळ्या, आणि त्या सर्वांवर तांब्याच्या चपट्या नळ्या; नळ्यांतून ग्लिसरीन मिसळलेला थंडगार द्रव फिरे आणि वर ओतलेलें पाणी गोठे. हें सारें क्रीडांगण एखाद्या वाड्याच्या चौकाएवढें. त्याच वर्षीं तें जवळच्याच पक्क्या इमारतींत गेलें. तेथें भिंतींवर स्विस पर्वतांचे देखावे रंगविले होते आणि वाद्यवृंदासाठीं सज्जाहि होता. परंतु बर्फावरून सारखें धुकें उठे आणि प्रतिष्ठित सभासदांना एकमेकांचे चेहरे दिसत ना. थोड्याच काळांत तो धंदा बसला. गॅमगीला पैसा मिळाला नाहीं, पण त्याच्या खोलीचें नांव मात्र पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेलें.

तें गेलें ॲडलेड शहरीं. ६ सप्टेंबर १९०४ रोजीं तेथील हिंडली रस्त्यावर ग्लेशियारियम उघडलें. ऑस्ट्रेलियांतील बर्फाचें हें पहिलें क्रीडांगण. त्याचा सूत्रधार हेन्री न्यूमन रीड हा शीतयंत्रांच्या व्यवसायांतला माणूस. ऑस्ट्रेलियांतील बर्फाच्या खेळांचा जनक म्हणून त्याचेंच नांव घेतात. बर्फावरील हॉकीचा प्रयोगहि त्याच ऑक्टोबरांत झाला. पण ती कॅनडाची हॉकी नव्हती. चाकांच्या स्केटवर लांकडी जमिनीवर जो पोलो खेळत, त्यालाच बर्फावर उतरविलें होतें. कॅनडाचा खेळ पाहिलेला मनुष्य त्या शहरांत विरळाच असणार. तेव्हां हातीं होता तोच खेळ त्यांनीं बर्फाला जुळवून घेतला. मात्र ॲडलेडला हें वैभव टिकलें नाहीं. तीन-चार वर्षांतच बर्फ गेला आणि इमारत पुन्हां चाकांच्या स्केटकडे व नंतर चित्रपटांकडे वळली. बर्फ गेला त्याबरोबर तेथली हॉकीहि गेली. कॅनडांत एखादें क्रीडांगण बंद पडलें तर मुलें नदीवर जातात. ॲडलेडच्या मुलांनीं कोठें जावें?

रीडनें आपलें बस्तान मेलबर्नला हलविलें. ९ जून १९०६ रोजीं तेथील ग्लेशियारियमचे दरवाजे उघडले. अमोनियाच्या यंत्रांनीं खारें पाणी शून्याच्या खालीं नेऊन तें जमिनीखालच्या नळ्यांतून फिरवावयाचें, ही तोंवर रूढ झालेली रीत. मीठ असल्यामुळें तें पाणी स्वतः गोठत नाहीं आणि वरच्या गोड्या पाण्याला मात्र गोठवितें. मेलबर्नच्या लोकांनीं या बर्फावर उभें राहण्याचा, पडण्याचा आणि पुन्हां उभें राहण्याचा अभ्यास आरंभला.

त्याच हिवाळ्यांत ‘बाल्टिमोर’ नांवाची अमेरिकन युद्धनौका बंदरांत आली. आठ वर्षांपूर्वीं मनिलाच्या उपसागरांतील लढाईंत तिनें भाग घेतला होता. येथें तिच्या नाविकांना निराळ्याच सामन्याचें आव्हान मिळालें. १७ जुलै १९०६, मंगळवार. ऑस्ट्रेलियांत नोंदला गेलेला आइस-हॉकीचा पहिला सामना तो हाच. एका बाजूस व्हिक्टोरिया प्रांताचा संघ, नखशिखांत पांढऱ्या पोशाखांत. दुसऱ्या बाजूस नाविक, छातीवर नौकेच्या नांवाचें ठसठशीत आद्याक्षर आणि पायांत निळ्या विजारी. क्रीडांगण उघडून अवघे अडतीस दिवस झाले होते. यजमानांपैकीं बहुतेकांची बर्फाशीं ओळख त्याहून जुनी असण्याचें कारण नव्हतें, आणि चकती हाताळण्यांत पाहुणे सरस होते हें सर्वांना दिसत होतें. तरीहि सामना अटीतटीचा झाला आणि एक-एक अशा बरोबरींत सुटला.

येथें एक योगायोग सांगण्याजोगा आहे. ज्या बाल्टिमोर शहराच्या नांवाची ती नौका, तेथेंच २६ डिसेंबर १८९४ रोजीं अमेरिकेंतील कृत्रिम बर्फावरचा पहिला ज्ञात हॉकी सामना झाला होता. म्हणजे नांवासकट हा खेळ जणूं त्या नौकेनें आणला. पण अशा योगायोगांवर फार विसंबूं नये. नौका चार दिवसांनीं निघून जाते. खेळ टिकतो तो गांवांतल्या माणसांनीं तो उचलला तर. मेलबर्ननें उचलला. १९०८ सालीं व्हिक्टोरिया प्रांताची हॉकी संघटना स्थापन झाली. २५ जुलै १९०७ पासून सिडनीलाहि ग्लेशियारियम होतेंच, तेव्हां खेळायला प्रतिस्पर्धी मिळाला. १९०९ मध्यें सिडनीचा संघ मेलबर्नला गेला आणि दोन प्रांतांमधील पहिली मालिका झाली.

या दोन शहरांमधलें अंतर सुमारें नऊशें किलोमीटर, आणि त्या काळीं त्यांच्या रेल्वेचे रूळहि एका मापाचे नव्हते. सरहद्दीवरील ऑल्बरी स्टेशनांत सामान उतरवून प्रवाशांना दुसऱ्या गाडींत बसावें लागे. हौशी खेळाडू, पदरचा वेळ, एवढा लांबचा पल्ला, आणि पलीकडे पोंचल्यावर खेळावयाचें कोणाशीं तर पुन्हां त्याच एका संघाशीं. ॲडलेड गळाल्यावर जवळजवळ तीस वर्षें ऑस्ट्रेलियांत बर्फाचीं हीं दोनच छतें उरलीं होतीं. आपल्याकडे दोनच मैदानें असतीं तर क्रिकेटचें काय झालें असतें, याचा विचार केला म्हणजे या लोकांच्या चिकाटीची कल्पना येते. या आंतरप्रांतीय लढतीसाठीं जॉन एडविन गुडॉल या व्हिक्टोरियाच्या खेळाडूनें चषक दिला. पहिल्या महायुद्धांत सामने थांबले, पुढें पुन्हां सुरू झाले. उत्तर अमेरिकेबाहेरील आइस-हॉकीच्या चषकांत हा सर्वांत जुना मानला जातो, आणि तो स्वीडनचा नाहीं, रशियाचा नाहीं, या एका गोष्टीवरून श्रोत्यांनीं काय तें समजावें.

याच सुमारास खुद्द कॅनडांत काय चाललें होतें? तेथें पूर्वेस थंडीची ददात नव्हती, परंतु पश्चिम किनाऱ्यावर हिवाळा ओला आणि सौम्य असतो. तेथें निसर्गाच्या बर्फाचा भरंवसा धरतां येत नसे. लेस्टर आणि फ्रँक पॅट्रिक या खेळाडू बंधूंनीं बापाचा लांकडाचा धंदा विकून आलेल्या पैशांतून व्हिक्टोरिया आणि व्हँकूव्हर या शहरांत यंत्राच्या बर्फाचीं दोन क्रीडागृहें बांधलीं. व्हँकूव्हरच्या घरांत दहा हजारांवर लोक बसूं शकत. १९१२ च्या जानेवारींत त्यांच्या नव्या व्यावसायिक संघटनेचा पहिला सामना व्हिक्टोरियांत झाला. (माँट्रियलची रिंक व्हिक्टोरिया, ऑस्ट्रेलियाचा प्रांत व्हिक्टोरिया आणि हें शहरहि व्हिक्टोरिया! एकाच राणीचें नांव किती ठिकाणीं गोठून बसलें आहे!) कॅनडांतील यंत्राच्या बर्फाचीं हीं पहिलीं क्रीडागृहें, म्हणजे हॉकीच्या मायदेशानें जी युक्ति १९११ च्या अखेरीस उचलली, तिच्यावर मेलबर्नचीं मुलें साडेपांच वर्षें आधींच धडपडत होतीं. मात्र पॅट्रिक बंधूंच्या पाठीशीं खेळ जाणणारा प्रेक्षक आणि पैसे घेऊन खेळणारे कसलेले गडी होते. व्हँकूव्हरनें १९१५ सालीं स्टॅनले चषक जिंकला. ऑस्ट्रेलियाजवळ होता फक्त बर्फ.

आणि तोहि बाराहि महिने नव्हे. यंत्राला उन्हाळा-हिवाळा सारखाच, असें वाटण्याचा संभव आहे. पण कोळशाचें बिल तसें म्हणत नाहीं. बर्फाचा हंगाम तेथील हिवाळ्यापुरताच ठेवीत. उन्हाळ्यांत बर्फ वितळूं देत आणि त्याच दिवाणखान्यांत खुर्च्या मांडून चित्रपट दाखवीत. ज्या जागीं जुलईंत गोल झाला, त्याच जागीं जानेवारींत प्रेक्षक पंख्यानें वारा घेत बसलेले असत. भारतांतला मार्ग अगदीं उलट होता. सिमल्याला १९२० सालीं ब्लेसिंग्टन नांवाच्या गृहस्थानें जी बर्फाची रिंक सुरू केली, तिला यंत्र नाहीं, छप्परहि नाहीं. रात्रीच्या थंडींत उघड्यावर पाणी शिंपडावें आणि पहांटे त्यावर घसरावें. तेथें मालक थंडी. ती रुसली कीं खेळ बंद. मेलबर्नमध्यें मालक कंपनी. तिचा हिशेब जमेना झाला कीं हिवाळा संपला.

तशी वेळ आलीच. दरम्यान सिडनीच्या बर्फावर वाढलेला केनेथ केनेडी १९३६ च्या हिवाळी ऑलिंपिकांत स्केटिंगच्या शर्यतींना उतरला. हॉकीहि खेळणारा हा गडी ऑस्ट्रेलियाचा पहिला हिवाळी ऑलिंपिक खेळाडू, आणि त्या वर्षींचा एकटाच. १९३८ च्या फेब्रुवारींत देशाला आंतरराष्ट्रीय आइस-हॉकी संघटनेंत जागा मिळाली. परंतु सिडनीचें ग्लेशियारियम १९५५ मध्यें बंद पडलें आणि मेलबर्नचें १९५७ मध्यें. नव्या जागा निघाल्या होत्या म्हणून खेळ ॲडलेडसारखा बुडाला नाहीं. १९६० सालीं अमेरिकेंत स्क्वॉ व्हॅली येथें ऑस्ट्रेलियाचा हॉकी संघ प्रथमच ऑलिंपिकांत उतरला. समोर चेकोस्लोव्हाकिया, अमेरिका, फिनलंड, जपान. सहाच्या सहा सामने तो हरला, बहुतेक मोठ्या फरकानें. मायदेशीं परतल्यावर खेळाडूंपुढें पुन्हां गुडॉल चषकाचा हंगाम होता.