हत्तीचे दोन रुपये, शेळीचा एक आणा

सुरतेतील गोडादऱ्याच्या गल्ल्यांत खानदेशातून येऊन स्थिरावलेली एखादी आजी, रस्त्यावरची मोकाट गाय महानगरपालिकेच्या माणसांनी धरून नेलेली पाहून ‘गेली कोंडवाड्यात’ असे म्हणते, तर शेजारचे गुजराती गृहस्थ त्याच जागेला ‘डबो’ म्हणतात. परंतु तापीच्या वरच्या अंगाचा खानदेश आणि मुखाजवळची सुरत हे दोन्ही मुलूख मुंबई इलाख्यात होते, तेव्हा उभ्या पिकात शिरलेल्या जनावराचा हिशेब दोहींकडे एकाच, म्हणजे 1871 च्या, कायद्याने होत असे.

त्या कायद्यातील दंडाचे मूळ पत्रक मोठे मनोवेधक आहे. हत्तीस दोन रुपये, उंट वा म्हशीस आठ आणे, घोडा, खेचर, बैल, गाय यांस चार आणे, वासरू, गाढव व डुक्कर यांस दोन आणे, आणि मेंढी-शेळीस एक आणा. खोराकीचा आकार निराळा. भिन्न जातींच्या पशूंना एका मापाने मोजण्याचा हा सरकारी प्रयत्न जनावराच्या पोटापेक्षा कारकुनाच्या गल्ल्याकडे पाहून झाला असावा, असे मला वाटते. कारण आणा, चवली, पावली, अधेली या दुपटीच्या पायऱ्यांवर एकेक पशुवर्ग नेमका बसविलेला दिसतो. हत्ती मात्र आठ गाईंच्या भावात सुटला!

पुढे पशुशास्त्रज्ञांनी वजनाचा आधार घेतला. उष्ण प्रदेशांसाठी 250 किलो जिवंत वजनाचे एक पशु-एकक ठरले. त्यात गाय सामान्यतः 0.7 आणि शेळी 0.1, म्हणजे सात शेळ्यांची एक गाय. युरोपने 500 किलोंची दुभती गाय प्रमाण मानली. पण भूक वजनाच्या प्रमाणात वाढत नाही. 1932 मध्ये मॅक्स क्लायबर यांनी दाखविले की, प्राण्याच्या देहाचा ऊर्जाव्यय त्याच्या वजनाच्या सुमारे पाऊण घाताने चालतो. त्या हिशेबाने 25 किलोंची शेळी 250 किलोंच्या गाईच्या दशांशाहून बरेच अधिक, जवळजवळ साडेपाचावा हिस्सा मागते. कायद्याने तिला चौथा हिस्सा दिला होता, तो शेतकऱ्याच्या अनुभवाला फारसा विसंगत वाटला नसेल.

1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली. एका आण्याचे सहा नवे पैसे आणि चार आण्यांचे पंचवीस, असे सरकारी कोष्टक होते. त्यात ते जुने पत्रक बसवू गेल्यास, सुट्या सुट्या भरलेल्या चार शेळ्यांची गाय होईना, एक पैसा कमी पडे.