घरांतील बिनतारी आणि मंद गतीचा शोध

यवतमाळ जिल्ह्यांतील वणी तालुक्यांत राजूर हें कोळशाच्या खाणींचें गांव आहे. कोळशानें भरलेल्या वाघिणी वाटेंत कोठें अडल्या, तर त्या कोणत्या सायडिंगवर उभ्या आहेत हें कोणालाहि डोळ्यांनीं पाहतां येतें. अशा या गांवांतील एखादें घर कल्पनेनें पुढें आणावें. रस्त्याकडील खोलींत इंटरनेटची तार आंत येते व तेथेंच राऊटर नांवाची पेटी टांगलेली असते. संगणक मागच्या खोलींत. दोहोंच्या मध्यें विटांची जाड भिंत, लोखंडी कपाट आणि उन्हाळ्यांत पाण्यानें भरलेला पत्र्याचा कूलर. मुलीच्या परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असतो, पडद्यावरचें चाक नुसतें फिरत राहतें, आणि घरांत एकच वाक्य ऐकूं येतें, “नेट स्लो आहे.” वडील कंपनीला दोष देतात, मुलगी संगणकाला देते आणि आजोबा काळाला देतात. तिघांचेंहि म्हणणें कधीं ना कधीं खरें ठरतें. पण त्या दिवशीं कोणाचें खरें, हें ठरविण्याची रीत त्यांच्यापाशीं नसते. कारण हा माल कोठें अडला तें वाघिणीसारखें दिसत नाहीं. तें पाहण्याची दृष्टि अनेक देशांतील शोधकांनीं हळूहळू कमावली, आणि तिचा इतिहास मनोरंजक तसाच उपयोगी आहे.

बिनतारी लहरींना भिंत आडवी येते काय, हा प्रश्न फार जुना आहे. १८९५ सालीं कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्यें जगदीशचंद्र बोस यांनीं मधल्या भिंती ओलांडून पलीकडे लहरी पाठविल्या, त्यांच्या योगानें घंटा वाजविली आणि बंदुकीच्या दारूचा स्फोट घडवून आणला. परंतु भिंत ओलांडणें निराळें आणि ती ओलांडतांना बळ न गमावणें निराळें. लाकडी दार लहरींचें थोडेंच बळ घेतें. विटांची भिंत अधिक घेते. लोखंडी पत्रा त्यांना बहुतेक परत फिरवितो, आणि पाणी त्यांना शोषून घेतें. विदर्भांतला भरलेला कूलर म्हणजे पत्रा आणि पाणी दोन्ही एकदम. उन्हाळा लागला कीं नेट मंदावतें, अशी तक्रार ज्या घरांत असेल तेथें प्रथम कूलरची जागा पाहावी.

पुढें २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें, आणि त्याच वर्षीं पुणें जिल्ह्यांतील खडकी व दौंड येथून इंग्लंडशीं बिनतारी संदेशांची देवघेव होऊं लागली. संदेश पाठविण्याचें काम खडकीला होई व घेण्याचें दौंडला. एकाच जागीं दोन्ही कामें चाललीं असतीं, तर स्वतःच्याच मोठ्या आवाजांत समुद्रापलीकडून येणारा क्षीण स्वर बुडून गेला असता. घरांतील राऊटरला असें दोन गांवीं राहतां येत नाहीं. एका वाहिनीवर तो बोलतो तेव्हां ऐकूं शकत नाहीं आणि ऐकतो तेव्हां बोलूं शकत नाहीं. म्हणून पेटीवर छापलेल्या वेगांतील बराच भाग या पाळ्यांत व थांबण्यांतच खर्च होतो.

पाळीपाळीनें बोलण्याचा हा प्रश्न हवाई बेटांवर १९७१ सालीं नॉर्मन अब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनीं सोडवून पाहिला. निरनिराळ्या बेटांवरील ठिकाणांना विद्यापीठाच्या संगणकाशीं एकाच लहरीवरून बोलावयाचें होतें. नियम केला तो साधा : ज्याला बोलावयाचें असेल त्यानें बोलावें, दोघांचे शब्द एकमेकांवर आदळले, तर प्रत्येकानें कमीअधिक वेळ थांबून पुन्हां बोलावें. काम चाललें, पण हिशेब करतां असें आढळलें कीं या रीतीनें हवेचा उपयोग शंभरांत फार तर अठरा भागच होतो, आणि बोलणारे वाढले कीं आदळआपटच वाढते. घरगुती बिनतारी याच कुळांतली आहे. बोलण्याआधीं ती कानोसा घेते, एवढी सुधारणा झाली. पण हवा सामाईक ती सामाईकच राहिली.

ही सामाईक हवा घरांपर्यंत पोंचली ती सरकारी निर्णयांमुळें. १९८५ सालीं अमेरिकेंत कांहीं पट्टे परवान्यावांचून वापरण्यास मोकळे झाले. त्यांतला २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा म्हणजे मायक्रोवेव्ह भट्टी ज्यावर अन्न तापविते तोच. १९९७ सालीं वाय-फायचा पहिला सर्वमान्य नियम ठरला, तेव्हां त्याचा वेग सेकंदाला २ मेगाबिट होता. १९९९ सालीं तो ११ वर गेला. भारतांत हा पट्टा २००५ सालीं परवानामुक्त झाला, आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा मोठा भाग २०१८ सालीं. पहिला पट्टा दूरवर पोंचतो, पण तो अरुंद व गजबजलेला आहे. परस्परांना न खेटणाऱ्या वाहिन्या त्यांत तीनच धरतात, पहिली, सहावी व अकरावी. दुसरा रुंद व शांत, पण भिंतीपुढें लवकर थकतो. एकमेकांस लागून असलेल्या क्वार्टरांत दहा राऊटर एकाच वाहिनीवर बोलूं लागले, तर कोणत्याहि एका घराचा दोष नसतां सर्वांचेंच नेट मंदावतें.

भिंतींवरून परत फिरलेल्या लहरींचा आणखी एक उपद्रव होता. तोच शब्द सरळ वाटेनें एकदां, आणि भिंतीवर आपटून किंचित् उशिरां पुन्हां येई, व दोन्ही मिळून अर्थाचा गोंधळ होई. त्यावरचा एक मोठा उपाय ऑस्ट्रेलियांतून आला. जॉन ओसलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं आकाशांतून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ-लहरींच्या शोधांत कमावलेलें गणित या घरगुती प्रतिध्वनीला लावलें, आणि १९९२ सालीं पेटंटासाठीं अर्ज केला. एक घाईचा प्रवाह पाठविण्याऐवजीं अनेक सावकाश प्रवाह एकदम पाठवावे, म्हणजे प्रतिध्वनीनें अर्थ बिघडत नाहीं, हें त्यांतील मर्म. आकाशांतील रेडिओ-लहरींच्या याच शास्त्राचें महाराष्ट्रांतील पीठ नारायणगांवाजवळ खोडद येथें आहे. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभारलेल्या तेथील दुर्बिणींत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत, आणि ती जागा निवडतांना रेडिओचा गोंगाट कमी असण्याचाहि विचार झाला होता. शास्त्रज्ञ कानोसा घेण्यासाठीं शांत जागा शोधतात. गृहस्थानें निदान राऊटर फ्रिजमागें ठेवूं नये.

२००३ सालीं फ्रान्समधील ग्रेनोबल येथील संशोधकांनीं एक चमत्कारिक गोष्ट दाखवून दिली. अनेक वेगवान यंत्रांत एकच मंद यंत्र सामील झालें, तर सर्वांचाच वेग त्या मंद यंत्राच्या पातळीखालीं घसरतो. कारण वाय-फायच्या नियमानें प्रत्येकाला बोलण्याची संधि सारखी मिळते, वेळ सारखा मिळत नाहीं. मंद यंत्र आपल्या पाळींत रेंगाळतें आणि बाकीचीं खोळंबतात. पुढें या अन्यायावर उपाय निघाले. परंतु जुन्या पेट्यांत ते नसतात, आणि कोपऱ्यांतल्या खोलींतला एक जुना मोबाईल सगळ्या घराला मागें ओढतो.

तथापि सर्वच दोष हवेचा नसतो. ऑक्टोबर १९८६ मध्यें कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें प्रयोगशाळा व विद्यापीठ यांच्यामधील वाहतूक अकस्मात् कोलमडली. अंतर अवघें ४०० यार्ड. पण वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. तार शाबूत होती. व्हॅन जेकबसन यांनीं शोध घेतला, तेव्हां आढळलें कीं पोंच आली नाहीं म्हणून यंत्रें तोच मजकूर पुनःपुन्हां पाठवीत होतीं, व त्यानेंच वाट अधिक तुंबत होती. वाट तुंबली कीं पाठविणारानें हात आखडावा, ही रीत त्यांनीं १९८८ सालीं सविस्तर मांडली आणि इंटरनेट सावरलें.

२०१० सालीं जिम गेटिस या तज्ज्ञांना स्वतःच्याच घरीं निराळा अनुभव आला. जोडणी चांगली, तरी घरांतून मोठी फाईल जाऊं लागली कीं बाकीचीं सर्व कामें अडत. पेट्यांतील स्मरणशक्ति स्वस्त झाल्यामुळें त्यांत फार लांब रांग उभी राहूं देत होते. आणि कांहींच टाकून दिलें जात नसल्यामुळें पाठविणाराला वाट तुंबल्याची सूचनाहि वेळेवर मिळत नव्हती. राजूरच्या माणसाला हें फोडून सांगावें लागणार नाहीं. एकेरी रुळावर कोळशाच्या वाघिणींची रांग लावली आणि तिच्यामागें टपालाचा एक डबा जोडला, तर टपाल हलकें असूनहि शेवटींच जाणार. घरांतील मोबाईल लग्नाचे शेंकडों फोटो वर चढवीत असतो, तेव्हां मुलीचा अर्ज हा तो टपालाचा डबा असतो. २०१२ सालीं कॅथलीन निकोल्स व जेकबसन यांनीं ही रांग आंखूड ठेवण्याची युक्ति प्रसिद्ध केली.

उरला घराबाहेरचा मार्ग. भारतांत सामान्य ग्राहकांना इंटरनेट मिळूं लागलें तें १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगमच्या द्वारें. २००४ च्या धोरणानें ब्रॉडबँड म्हणविण्यास सेकंदाला निदान २५६ किलोबिट वेग ठरविला. २०२३ सालीं ती मर्यादा २ मेगाबिट झाली. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची तार नेण्याची योजना २०११ सालीं मंजूर झाली व पुढें तिला भारतनेट हें नांव मिळालें. या आंकड्यांचें महत्त्व असें कीं, माप ठरलें म्हणजे कमी भरल्याची तक्रार करतां येते. मात्र तक्रार करणारानेंहि मोजलेलें असावें लागतें.

आतां राजूरच्या त्या घराकडे परत यावें. या इतिहासांतून निघणारी रीत लांबलचक नाहीं. पण तिचा क्रम मोडूं नये. प्रथम बाकीचीं यंत्रें थांबवून संगणक राऊटरला तारेनें जोडावा व वेग मोजावा. बिट आणि बाइट यांत गल्लत करूं नये. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून ४० मेगाबिटांच्या नेटवर सेकंदाला फार तर ५ मेगाबाइटच उतरतात. तारेवरहि वेग कमी भरला, तर तीच तार दुसऱ्या संगणकाला लावून पाहावी. दुसऱ्यावर वेग ठीक असेल तर पहिला संगणक दोषी. दोन्हींवर कमी असेल तर दोष राऊटरचा अथवा बाहेरचा. तारेवर वेग पुरा आणि बिनतारीवर अपुरा, तर दोष घरच्या हवेचा. मग राऊटर उंचावर, उघड्यावर व घराच्या मध्यावर आणावा, कूलर बाजूला सारावा, जवळच्या खोल्यांत ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा, वाहिनी बदलून पाहावी. संगणक एकटा असतां सर्व सुरळीत, आणि घरांतले मोबाईल जागे झाले कीं खोळंबा, तर दोष रांगेचा; फोटो रात्रीं चढवावे. एका वेळीं एकच बदल करावा आणि प्रत्येक वेळीं आंकडा वहींत लिहावा, नाहीं तर कोणत्या औषधानें गुण आला हें कळत नाहीं.

बहुतेक घरें यांतलें कांहींच न करतां अधिक वेगाची महागडी योजना घेतात. कूलरनें अडविलेला वेग अशा पैशानें सुटत नाहीं. उलट, जेथें दोष खरोखरच बाहेरचा असतो, तेथें आठ दिवसांची तारीखवार नोंद तक्रारीला जें बळ देते, तें “नेट स्लो आहे” या वाक्यांत नसतें. बर्कलेला नवी तार टाकून भागलें नसतें; माल कोठें अडला हें कोणीतरी शोधलें, म्हणून वाट मोकळी झाली. राजूरच्या मुलीनें तोच शोध अर्जाच्या आधीं आठ दिवस घेतला, तर शेवटच्या दिवशीं तिला पडद्यावरच्या चाकाकडे पाहत बसावें लागणार नाहीं.