एक डॉलरची सही

खुरपणीला गेलेल्या बाईची मजुरी कमी आणि त्याच रानात राबणाऱ्या गड्याची जास्त, असं का, हा विषय आपल्या बैठकांत दर हंगामात निघतो. मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "शिकलेल्या, नाव कमावलेल्या बायकांना तरी बरोबरीनं मिळत असेल ना?" त्यावर उत्तर म्हणून आज आम्ही अमेरिकेतल्या नऊ जणींची हकिगत सांगणार आहोत. या नऊ जणी टेनिस खेळायच्या. सानिया मिर्झामुळे आपण टीव्हीवर पाहिला, तोच खेळ.

१९६८पर्यंत टेनिसच्या मोठ्या स्पर्धांत उघडपणे रोख बक्षीस नसे. त्या वर्षी ते सुरू झालं आणि फरकही लगेच दिसला. इंग्लंडातल्या विम्बल्डन स्पर्धेत पुरुष विजेत्याला २,००० पौंड मिळाले. महिला विजेती होती बिली जीन किंग. तिला ७५०.

बिली जीन अग्निशमन दलातल्या जवानाची मुलगी. तिची जोडीदार रोझी कझाल्स सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक बागेतल्या मैदानावर खेळून वर आलेली. दोघींनाही पैशाची किंमत ठाऊक होती. १९७० साली लॉस एंजेलिसच्या एका स्पर्धेची बक्षिसं जाहीर झाली : पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर, महिला विजेतीला १,५००. त्यातही शेवटच्या आठांत पोचली नाही, तर बाईला काहीच नाही. स्पर्धेचे प्रमुख जॅक क्रेमर स्वतः एकेकाळचे विजेते. त्यांना सांगून पाहिलं, पण ते हलले नाहीत.

मग या दोघी ग्लॅडिस हेल्डमन यांच्याकडे गेल्या. ग्लॅडिसबाई टेनिसचं एक मासिक काढायच्या, आणि हिशेबाला व ओळखीपाळखीला मोठ्या पक्क्या. त्यांनी त्याच सुमारास टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टन शहरात फक्त बायकांची स्पर्धा ठरवली. बक्षिसाचे एकूण पैसे ७,५०० डॉलर. अमेरिकेच्या टेनिस संघटनेनं धमकी दिली, की या स्पर्धेत खेळाल तर तुमच्यावर बंदी येईल.

इथं ग्लॅडिसबाईंनी एक युक्ती काढली. खेळाडूंनी संघटनेच्या नाही, तर त्यांच्या मासिकाच्या करारावर खेळायचं. करार म्हटला की मोबदला लागतो. तो ठरला एक डॉलर. त्या वेळच्या दरानं साडेसात रुपये! २३ सप्टेंबर १९७० रोजी नऊ जणींनी सह्या केल्या. बिली जीन, रोझी, नॅन्सी रिची, पीचेस बार्टकोविच, क्रिस्टी पिजन, व्हॅलेरी झीगनफस, ग्लॅडिसबाईंची मुलगी जूली, आणि ऑस्ट्रेलियाच्या ज्युडी डाल्टन व केरी मेलव्हिल. सगळ्यांत धाकटी वीस वर्षांची, थोरली बत्तीसची. एकेक डॉलरची नोट हातात धरलेला त्यांचा फोटो आजही छापला जातो. जूलीचं कोपर दुखावलेलं होतं, तरी नाव नोंदवायचं म्हणून ती मैदानात उतरली आणि एकच गुण खेळून बाहेर पडली.

आपल्या गटात पहिल्या महिन्याची बचत किती, यापेक्षा वहीत नाव कोणाचं चढलं याला मोल असतं. तसंच हे.

त्या वर्षी चारही मोठ्या स्पर्धा जिंकणाऱ्या मार्गारेट कोर्ट यांनी मात्र सही केली नाही. आणखीही नावाजलेल्या खेळाडू बाहेर राहिल्या. आम्ही त्यांना नावं ठेवणार नाही. नवीन गटात सुरुवातीला कोण येतं आणि कोण कुंपणावर बसतं, हे आपण पाहतोच. बंदी आली, पण मोठ्या स्पर्धांची दारं कायमची बंद झाली नाहीत. सही करताना मात्र हे नऊ जणींपैकी एकीलाही माहीत नव्हतं.

ह्यूस्टनचा अंतिम सामना रोझीनं ज्युडीला हरवून जिंकला. मिळाले १,६०० डॉलर. म्हणजे लॉस एंजेलिसपेक्षा जेमतेम शंभर जास्त.

पुढच्या वर्षी गावोगाव स्पर्धा सुरू झाल्या. खेळाडू स्वतः तिकिटं वाटायच्या, पहाटे उठून रेडिओवर बोलायला जायच्या आणि दुपारी खेळायच्या. त्या वर्षी बिली जीनची कमाई एक लाख डॉलरच्या वर गेली. तोवर कुठल्याही महिला खेळाडूनं एका वर्षात इतकं कमावलं नव्हतं.

एक गोष्ट आम्हांला खटकते, ती लपवत नाही. या स्पर्धांना पैसा दिला तो बायकांसाठी खास काढलेल्या एका सिगारेटच्या कंपनीनं. आपण गटात मिशरी सोडा म्हणून कानीकपाळी ओरडतो, आणि इथं बरोबरीची लढाई तंबाखूच्या पैशावर उभी राहिली. दुसरं कोणी पुढं आलं नाही, हेही तितकंच खरं.

जून १९७३मध्ये लंडनच्या एका हॉटेलात साठाहून जास्त खेळाडूंची बैठक झाली. बिली जीननं नेदरलँडच्या उंचपुऱ्या बेटी स्टोव्हला सांगितलं, दाराला कुलूप लाव, निर्णय झाल्याशिवाय कोणी बाहेर जाणार नाही. बैठक संपली तेव्हा महिला टेनिस संघटना तयार होती. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत स्त्री आणि पुरुष विजेत्यांना सारखेच, २५,००० डॉलर मिळाले.

विम्बल्डनला हेच करायला २००७ साल उजाडलं.

२०२१ साली अमेरिकेतल्या टेनिसच्या सन्मानगृहात या नऊ जणींची नावं लागली. तिथं तोवर एकेकट्याचा मान व्हायचा. अख्ख्या गटाला मान मिळाला, तो पहिल्यांदा यांनाच.