ऑप-अँपची निवड : नाव नव्हे, जागा महत्त्वाची

घरगुती ध्वनियंत्रणेत क्षीण संकेत वाढविण्याचे काम ऑप-अँप ही छोटी चिप करते. १९६८ साली आलेल्या ७४१ चिपचे आउटपुट एका मायक्रोसेकंदात अवघे अर्धा व्होल्ट बदलते; म्हणून २० हजार हर्ट्झचा संकेत ४ व्होल्टच्या शिखरापलीकडे गेला की विकृत होतो. हाच वेग एनई५५३२ मध्ये ९ व्होल्ट, तर टीएल०७२ मध्ये १३ व्होल्ट असतो.

एनई५५३२ ची स्वतःची खरखर टीएल०७२ हून बरीच कमी असते. मात्र तिच्या इनपुटचा प्रवाह थेट व्हॉल्यूमच्या पोटेन्शिओमीटरमधून गेल्यास बटण फिरविताना करकर ऐकू येते. फेट-इनपुटच्या टीएल०७२ मध्ये हा प्रवाह नगण्य असतो. ओपीए२१३४ मध्ये फेट-इनपुट आणि कमी खरखर यांचा मेळ आहे. किंमतही अधिक आहे.

या तिन्हींच्या आठ पायांची मांडणी सारखीच असल्याने अदलाबदल सोपी असते. तरीही वीजपुरवठ्याच्या पायांजवळ ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर नसल्यास वेगवान चिप आपोआप आंदोलित होऊ शकते. तुलना करताना आवाजाची पातळी मीटरने समान करून घ्यावी. किंचित मोठा आवाज कानाला उगीचच सरस वाटतो.