शेजारघरातून विद्यापीठाकडे

गोडादऱ्यातील मराठी कुटुंबांपैकी पुष्कळशी कापडउद्योगातील कामाच्या आशेने खानदेशातून सुरतेस आलेली आहेत. त्यांची मुले आता महाविद्यालयांत शिकत आहेत. पदवी हाती आल्यावर ही मुले वस्तीकडे वळून पाहतील काय, हा प्रश्न याजकीय सेवेत मला वारंवार पडतो. त्याचा विचार करताना आपल्याच मंडळीच्या इतिहासातील एक प्रकरण आठवणे इष्ट होईल.

लंडनमधील व्हाइटचॅपलचे धर्मगुरू सॅम्युएल बार्नेट ह्यांनी १८८४ साली टॉयन्बी हॉल स्थापिला. ऑक्सफर्ड व केंब्रिजच्या तरुणांनी केवळ देणग्या न पाठविता गरिबांमध्ये येऊन राहावे, असा त्यांचा आग्रह होता. हीच पुढे ‘सेटलमेंट’ चळवळ म्हणून ओळखली गेली. तिचा धागा मुंबईत आणला तो अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट ह्यांनी. १९२५ च्या सुमारास ते मुंबईत आले आणि नागपाड्यात त्यांनी ‘नेबरहुड हाउस’ उभारले. सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांना त्याचे दार उघडे होते.

सद्भावनेला शिक्षणाची जोड हवी, हे त्यांनी ह्या कामातूनच ओळखले. टाटा विश्वस्तनिधीच्या साहाय्याने १९३६ साली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क सुरू झाले, ते नागपाड्याच्या ह्याच घरात. मॅनशार्ट हे त्याचे पहिले संचालक होत. विद्यार्थी वर्गाबाहेर पडला की थेट मोहल्ल्यात पाऊल ठेवी. १९४४ साली ह्या शाळेस टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले, १९५४ साली ती देवनारला गेली आणि १९६४ साली तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा लाभला.

प्रतिष्ठा व स्थैर्य मिळाले, परंतु शेजार सुटला. पुढे देवनारभोवती झोपडपट्ट्या वाढल्या, आणि २०११ साली संस्थेने त्याच प्रभागात मोठा प्रकल्प हाती घेतला. शेजाऱ्याचा शोध पुन्हा घ्यावा लागतो, तो असा.

२४ सप्टेंबर १९६९ रोजी राष्ट्रीय सेवा योजना ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह सुरू झाली. सेवेचा हा विस्तार स्वागतार्हच होय. तथापि दोन वर्षांचे २४० तास नोंदवहीत मोजता येतात, शेजारधर्म मात्र मोजता येत नाही. प्रमाणपत्र मिळताच नाते संपत असेल, तर चळवळ विद्यापीठात शिरली खरी, पण विद्यार्थ्याच्या अंतःकरणात शिरली नाही.

बार्नेटांना विद्यार्थी वस्तीत आणावे लागले. गोडादऱ्याचे विद्यार्थी तर वस्तीतच वाढले आहेत. यंत्रमागावरील रात्रपाळी त्यांनी पुस्तकात नव्हे, वडिलांच्या डोळ्यांत वाचली आहे. हे ज्ञान लाजून लपवावयाचे नसून विद्येच्या प्रांगणात मानाने न्यावयाचे आहे, हे त्यांना कोणी सांगावे? माझ्या मते, ते सांगणे हे मंडळीचे कर्तव्य आहे. मात्र त्यासाठी मंडळीने प्रथम त्यांच्या शेजारी घर केले पाहिजे.