हमीदिया मशिदीपुढची कढई

१६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीच्या आवारात एक मोठी लोखंडी कढई मांडली होती. हिंदी लोकांचे दोन हजारांवर नोंदणी-परवाने तिच्यात टाकले गेले, वर रॉकेल ओतले आणि युसूफ मियां यांनी आग लावली. दक्षिण आफ्रिकेचा सत्याग्रह म्हटला की आपल्या मुलांना आगगाडीच्या डब्यातून ढकलून दिलेला तरुण बॅरिस्टर आठवतो. ही कढई त्यांना ठाऊक नसते. शिधापत्रिकेपासून शाळेच्या हजेरीपर्यंत सारे संगणकावर चढू लागल्यापासून मला मात्र ती पुनःपुन्हा आठवते.

प्रकरण सुरू झाले १९०६ च्या ऑगस्टमध्ये. ट्रान्सवाल सरकारने कायद्याचा मसुदा प्रसिद्ध केला. आठ वर्षांवरील प्रत्येक हिंदी माणसाने, बाईनेसुद्धा, नाव नोंदवावे, दहाही बोटांचे ठसे द्यावेत आणि पोलिसाने मागताच परवाना दाखवावा. नाही तर दंड, कैद, हद्दपारी. दहा बोटांचे ठसे तोवर मुख्यतः गुन्हेगारांचे घेत.

या ठशांची कुळकथा आपल्याच देशातली आहे. कलकत्त्याच्या पोलीस खात्यात काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांची वर्गवारी बसवली. अझीझुल हक गणिताचे माणूस. १०२४ खान्यांची त्यांची मांडणी जगभर गाजली ती साहेबाच्या, एडवर्ड हेन्रीच्या, नावाने! हेच हेन्री १९०० मध्ये जोहान्सबर्गचे पोलीस दल उभारायला गेले होते.

११ सप्टेंबर १९०६ रोजी एम्पायर नाट्यगृहात सुमारे तीन हजार हिंदी लोक जमले. अध्यक्ष होते अब्दुल गनी. ठराव साधा होता, कायदा मानायचा नाही. पण शेठ हाजी हबीब उठले आणि म्हणाले की, हा ठराव खुदाला हाजिर-नाजिर समजून करावा. गांधीजींनी पुढे लिहून ठेवले आहे की, ते ऐकून ते स्वतः चपापले. मग त्यांनी सभेला खुदाच्या नावाने घेतलेल्या कसमेचा अर्थ समजावून सांगितला आणि लोकांनी उभे राहून कसम घेतली. सत्याग्रहाच्या जन्मात हाजी हबीब यांचा वाटा एवढा मोठा असून आपल्याच घरांत हे नाव फारसे कोणी घेत नाही.

१९०७ मध्ये कायदा लागू झाला. जानेवारी १९०८ मध्ये गांधीजी तुरुंगात गेले आणि तिथेच तडजोड ठरली. लोकांनी आपण होऊन नोंदणी करावी, मग सरकार कायदा मागे घेईल. लोक गोंधळले. कालपर्यंत ठसे देऊ नका म्हणणारा माणूस आज द्या म्हणतो! १० फेब्रुवारीला गांधीजी नोंदणीला निघाले तेव्हा मीर आलम नावाच्या पठाणाने वाटेतच त्यांच्या डोक्यात काठी घातली. गांधीजींनी जखमी अवस्थेत, अंथरुणावरूनच ठसे दिले. त्यांचे म्हणणे असे की, शाई तीच, बोटेही तीच, पण धाकाने दिलेला ठसा वेगळा आणि राजीखुशीने दिलेला वेगळा. मीर आलमचा मार्ग वाईटच. त्याची शंका मात्र अगदीच खुळी नव्हती. सरकारने कायदा मागे घेतला नाही, आणि सहा महिन्यांत मशिदीपुढे कढई मांडावी लागली. त्या सभेत मीर आलम आला, चूक झाली असे सर्वांसमोर म्हणाला आणि आपला जुना परवाना त्याने जाळायला दिला.

शंभर वर्षांनी, २९ सप्टेंबर २०१० रोजी, आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिले आधार क्रमांक वाटले गेले. दहा बोटे, दोन डोळे. तेव्हा सांगितले होते की, हे ऐच्छिक आहे. पुढे एकेक दार त्या क्रमांकावाचून उघडेनासे झाले. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मतांनी आधारचा कायदा राखला, पण बँक खाते आणि मोबाइल यांची सक्ती रद्द केली. शाळाप्रवेशासाठीही आधार मागता येणार नाही, असे स्पष्ट केले. स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या मतदारांनी तर जून २०२३ मध्ये ९४ टक्क्यांवर मतांनी 'ऑफलाइन जगण्याचा हक्क' आपल्या प्रांताच्या घटनेत घातला.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचे नाव उर्दूत एक, मराठीत दुसरे आणि इंग्रजी स्पेलिंगात तिसरेच उमटले आहे. संगणकाला या तीन मुली वाटतात. तिच्या दादीने आयुष्यभर विड्या वळल्या. बोटांच्या रेषा झिजल्या, यंत्र तिचा अंगठा ओळखत नाही. त्या दिवशी ती शाळेत आली आणि मला म्हणाली, "मास्टरसाब, पहिले वहीत लिहून घेत होते ना? मग आता का नाही घेत?"