कॉलरा कसा ओळखला गेला : हवा, पाणी आणि पुरावा

कॉलरा दूषित पाण्यातून पसरतो हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पण हे ज्ञान सहज मिळालेले नाही. रोग कशातून पसरतो आणि समोरचा आजार हाच तो रोग, हे कशावरून ठरवायचे, या दोन प्रश्नांचा इतिहास आपण या पाठात पाहू.

मराठीत या रोगाला पटकी म्हणतात. ‘मोडशी’ हे त्याचे जुने नाव. गोव्यात १५६३ साली छापलेल्या ग्रंथात पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी अशा आजाराचे वर्णन केले आहे. मात्र ती ओळख केवळ लक्षणांवरची होती. जुलाब आणि उलट्या अनेक रोगांत होतात, त्यामुळे लक्षणांवरून रोगाची खात्री करणे अवघड असते.

१८१७ मध्ये बंगालमधील जेसोर भागात मोठी साथ आली. सैन्य, व्यापारी, यात्रेकरू आणि जहाजे यांच्याबरोबर ती भारतभर आणि पुढे आशियात पसरली. माणसांच्या वाटेने रोग जातो हे दिसत होते, तरी बहुतेक डॉक्टर कुजट, दूषित हवेलाच दोष देत.

या समजुतीला लंडनमध्ये जॉन स्नो यांनी आव्हान दिले. १८५४ मध्ये सोहो भागात दहा दिवसांत ५०० हून अधिक माणसे दगावली. स्नो यांनी घरोघर चौकशी केली, तेव्हा बहुतेक मृत्यू ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती आढळले. जवळच्या बिअरच्या कारखान्यातील कामगार मात्र वाचले होते, कारण ते त्या पंपाचे पाणी पीत नव्हते. हवा सर्वांना सारखीच होती, फरक पाण्याचा होता. पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोपर्यंत ओसरू लागली होती, हे स्वतः स्नो यांनीच नोंदवले. येथे लक्षात घ्या, जंतू न पाहताही रोगाचा मार्ग शोधता आला.

जंतूची निश्चिती रॉबर्ट कॉख यांनी केली. इजिप्तमधील तपासानंतर ते कलकत्त्यास आले आणि १८८४ मध्ये त्यांनी स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू वेगळा करून वाढवला. रुग्ण असलेल्या वस्तीतील तळ्याच्या पाण्यातही तो सापडला. भारतातील ब्रिटिश सरकारचे आरोग्य अधिकारी मात्र हे मानायला तयार नव्हते. सॅनिटरी कमिशनर जे. एम. कनिंगहॅम रोगाचे कारण स्थानिक हवामान व अस्वच्छता हेच मानत. यामागे केवळ वैद्यकीय मतभेद नव्हता. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला होता. रोग माणसांबरोबर प्रवास करतो हे मान्य केले, तर भारतातून जाणारी जहाजे क्वारंटाइनमध्ये अडकणार होती आणि व्यापाराचे नुकसान होणार होते. विज्ञानाचा निष्कर्ष स्वीकारण्यात हितसंबंध कसे आड येतात, याचे हे ठळक उदाहरण आहे.

तरीही एक कोडे उरले होते. हा जंतू माणसाला नेमका मारतो कसा? १९५९ मध्ये कलकत्त्याचे शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावरील प्रयोगांतून दाखवले की जंतूने सोडलेले विष आतड्यातून पाणी बाहेर काढते. रुग्ण दगावतो तो शरीरातील पाणी आणि क्षार संपल्यामुळे. म्हणजे ते वेळेवर भरून काढले तर रुग्ण वाचू शकतो. १९७१ मध्ये बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत सलाइनच्या बाटल्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोज यांचे पाणी रुग्णांना पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले.

आजही तांदूळ धुतलेल्या पाण्यासारखे जुलाब आणि झपाट्याने होणारा जलक्षय दिसला की डॉक्टरांना कॉलऱ्याची शंका येते. खात्री मात्र प्रयोगशाळेत मलाच्या तपासणीनेच होते. उपचारासाठी त्या अहवालाची वाट पाहायची नसते, हे विसरू नका.

विचार करा : तुमच्या गावात एकाच आठवड्यात अनेकांना जुलाब सुरू झाले, तर स्नो यांच्याप्रमाणे तुम्ही घरोघर कोणते प्रश्न विचाराल?